लहान प्रमाणावरील बिटकॉइन मायनिंग : वीज, वायरिंग आणि उष्णतेचा हिशेब

सरळरेघ

नमस्कार. वापरलेली चार अँटमायनर एस१९ प्रो यंत्रे घेण्याचा विचार आहे. उत्पादकाच्या तक्त्यानुसार प्रत्येक यंत्राचा वेग ११० टेराहॅश (सेकंदाला ११० लाख कोटी हॅश-गणिते) आणि वीजभार ३,२५० वॉट आहे. जागा म्हणजे तळमजल्यावरची साठवणीची खोली असून तिला समोरासमोरच्या भिंतींत दोन खिडक्या आहेत. तेथे सध्या २३० व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा आणि १६ अँपिअरचे चार सॉकेट आहेत.

या विषयावर जे वाचायला मिळते ते एकतर नाण्याच्या भावाविषयी असते, नाहीतर हजारो यंत्रे असलेल्या केंद्रांविषयी. चार-पाच यंत्रे चालवणाऱ्याला नेमक्या कोणत्या अडचणी येतात, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. असलेले वायरिंग पुरेल का? स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लागतो का? खोलीतील उष्णता बाहेर कशी काढावी? त्याच पैशांत कितीतरी अधिक संख्येने मिळणारी जुनी एस९ यंत्रे घेणे शहाणपणाचे ठरेल का? सौर पॅनेलचा विचारही मनात आहे, पण तो नंतर.

तारजोड

माझे काम वायरिंगचे आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. आहेत ते सॉकेट वापरू नका. ३,२५० ला २३० ने भागले की १४.१ अँपिअर येतात आणि हा आकडा १६ पेक्षा कमी असल्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. परंतु साध्या सॉकेटवर गीझर किंवा इस्त्री काही वेळ चालते आणि मग सॉकेटच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांना निवायला अवसर मिळतो. मायनिंगचे यंत्र तो अवसर कधीच देत नाही. सलग तीन तासांहून अधिक चालणारा भार मंडलाच्या (सर्किटच्या) क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच ठेवावा, असा दंडक काही देशांच्या वायरिंग-नियमांत आहे आणि तो जेथे लागू नाही तेथेही पाळण्याजोगा आहे. १६ चे ८० टक्के म्हणजे १२.८ अँपिअर, तुमचे एकच यंत्र ती मर्यादा ओलांडते.

प्रत्येक यंत्राला मुख्य पॅनेलपासून स्वतंत्र मंडल, २० अँपिअरचा एमसीबी (जादा भाराला आपोआप पडणारा ब्रेकर) आणि किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार द्यावी. अंतर जास्त असेल किंवा तार उष्ण जागेतून जात असेल, तर ६ चौरस मिलिमीटर. एमसीबी वाढवताना पुढचा सॉकेटही त्या क्षमतेचा लागतो हे विसरले जाते, म्हणून ३२ अँपिअरचा औद्योगिक सॉकेट आणि त्यावर चांगला पीडीयू (वीज वाटून देणारी पट्टी) हीच मांडणी मला योग्य वाटते. एस१९ प्रोला दोन पॉवर कॉर्ड लागतात आणि दोन्ही जोडाव्याच लागतात. त्यांपैकी एक कुठल्यातरी एक्स्टेंशन बोर्डावरून आणण्याचा मोह टाळावा.

आता स्टॅबिलायझर. व्होल्टेज उतरले की साधा बल्ब मंद होतो, म्हणजे तो कमी वीज ओढतो. या यंत्रांचा वीजसंच (पॉवर सप्लाय) उलट वागतो. त्याला ठरलेले वॉट हवेच असतात, त्यामुळे व्होल्टेज घटले की तो करंट वाढवतो. २०० व्होल्टला तेच यंत्र १६.२५ अँपिअर ओढते आणि तारेतील उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती जवळजवळ एक-तृतीयांशाने वाढते. व्होल्टेज तुमची यंत्रे सुरू झाल्यावरच घसरत असेल, तर दोष मीटरपर्यंत येणाऱ्या तारेत, एखाद्या सैल जोडणीत किंवा कमी क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आहे. तेथे स्टॅबिलायझर बसवला की तो मागच्या तारेतून आणखी करंट खेचतो. पुरवठा मुळातच अस्थिर असेल तर गोष्ट वेगळी. पण आधी भारासह आणि भाराविना असे दोन्ही वेळचे व्होल्टेज मोजा, खरेदीचे नंतर पाहता येईल.

चार यंत्रांचा एकूण भार १३ किलोवॉट, म्हणजे एका फेजवर ५६ अँपिअरांहून अधिक. एवढ्यासाठी थ्री फेज जोडणीच मागावी. मात्र तिच्यात एक धोका आहे आणि मला वाटते की आगीखालोखाल तोच सर्वांत महाग पडतो. सामाईक न्यूट्रल कुठे सुटली, तर फेजमधले भार एकमेकांशी मालिकेत जोडले जातात आणि कमी भाराच्या फेजवरील व्होल्टेज २३० वरून थेट ४०० च्या दिशेने सरकते. वीजसंच क्षणात जळतात. म्हणून न्यूट्रल फेजइतक्याच जाडीची असावी, तिच्या मार्गात कोठेही फ्यूज नसावा आणि पॅनेलमध्ये अधिक-उणे व्होल्टेजला तोडणारा रिले असावा.

यूपीएस यंत्रांसाठी नको. वीज गेली तर मायनिंग थांबते, पण कुठलीही माहिती हरवत नाही. राउटरला छोटा यूपीएस द्यावा, म्हणजे वीज परतल्यावर जोडणी लगेच मिळते. त्याहून उपयोगी वस्तू म्हणजे टायमरवर चालणारे कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारे स्विच). वीज परतताच चारही यंत्रे एकदम उठली, तर सुरुवातीच्या झटक्याने मुख्य ब्रेकर पडू शकतो, म्हणून प्रत्येकाला अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतराने चालू करावे.

बेरीजवजाबाकी

तारजोड यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी एस९ च्या प्रश्नाकडे वळतो, कारण लहान मायनर सर्वाधिक फसतो तो तेथेच.

यंत्राचा वेग बाजूला ठेवा आणि एका टेराहॅशमागे किती ज्यूल लागतात तेवढेच पाहा. २०१६ साली आलेल्या एस९ ला सुमारे ९८ ज्यूल लागतात, २०२० च्या एस१९ प्रोला २९.५, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एस२१ ला १७.५. म्हणजे एक टेराहॅश दिवसभर चालवायला अनुक्रमे २.३५, ०.७१ आणि ०.४२ युनिट वीज जाते.

आता उत्पन्न. एप्रिल २०२४ च्या हॉल्व्हिंगनंतर (म्हणजे बक्षीस निम्मे झाल्यावर) प्रत्येक ब्लॉकला, व्यवहार-नोंदींच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात आणि सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक धरला, तर साऱ्या जगात मिळून दिवसाला ४५० बिटकॉइन निघतात. उदाहरणापुरता जगभरचा एकूण वेग ८०० एक्साहॅश (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरू. भागाकार केला की एका टेराहॅशला दिवसाला सुमारे ५६ सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) मिळतात. (व्यवहारशुल्काचा वाटा यात धरलेला नाही आणि पूलचे, म्हणजे मायनरांच्या सामाईक गटाचे, शुल्कही वजा केलेले नाही.) या ५६ ला वरच्या युनिटांनी भागा : एस९ एका युनिटमागे २४ सातोशी देते, एस१९ प्रो ७९ आणि एस२१ सुमारे १३४.

तुमचा वीजदर त्या दिवसाच्या भावाने सातोशीत बदलून या आकड्यांशेजारी ठेवा, म्हणजे नाण्याच्या भावावरची पानभर चर्चा वाचण्याची गरज उरत नाही. दर २४ च्या वर असेल तर एस९ फुकट मिळाले तरी तोट्याचे आहे, आणि अशी दहा घेतली तर तोटाही दसपट. दर १४ दिवसांच्या सुमारास, म्हणजे २,०१६ ब्लॉकांनंतर, डिफिकल्टी (ब्लॉक शोधण्याची काठिण्यपातळी) बदलते तेव्हा हे सारे आकडे पुन्हा मांडावे लागतात. जुलै २०२१ च्या आरंभी, चीनमधील मायनिंग बंद पडल्यावर, ती एका फेऱ्यात जवळजवळ २८ टक्क्यांनी उतरली होती. असे दिवस क्वचित येतात आणि त्यांच्या भरवशावर यंत्रे घेता येत नाहीत.

वाऱ्याचीदिशा

खोलीविषयी. यंत्र जेवढी वीज घेते तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १३ किलोवॉट म्हणजे ताशी सुमारे ४४,००० बीटीयू, अर्थात पावणेचार टनांच्या एसीचे काम. एसी लावून ही उष्णता काढू नये. त्यासाठी तीन-चार किलोवॉट जास्तीचे लागतील आणि बेरीजवजाबाकी यांचे ७९ सातोशी साठाच्या आसपास येतील.

वारा मात्र पुरेसा हवा. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत १५ अंशांचा फरक धरला, तर प्रत्येक यंत्राला ताशी साधारण ६५० घनमीटर हवा लागते, चारांना २,६००. एक्झॉस्ट पंख्यावर लिहिलेली क्षमता मोकळ्या हवेतली असते आणि जाळी, गाळणी व डक्ट लागले की ती बरीच घटते, म्हणून दीडपट क्षमतेचा पंखा घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थंड आणि गरम हवा मिसळू देऊ नये. खोलीच्या मधोमध प्लायवूडचा किंवा अग्निरोधक बोर्डाचा पडदा उभारावा, त्यात यंत्रांच्या मापाची छिद्रे पाडावीत आणि यंत्रे अशी बसवावीत की त्यांचे तोंड थंड बाजूला व पाठ गरम बाजूला राहील. असा पडदा नसेल तर यंत्रे स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतात. मग खिडकीबाहेर ३० अंश असले तरी यंत्राच्या तोंडाशी ४५ भरतात आणि तेथे त्याची सहनशक्ती संपते. गाळणी मोठ्या क्षेत्रफळाची ठेवा. लहान गाळणी आठवड्यात चोंदते आणि पंखे उगाच पूर्ण वेगाने धावत राहतात.

आवाजाचा विचार कोणी केला आहे का? एका यंत्राचा ७५ डेसिबल धरला, तर चारांचा ८१ होतो. तळमजल्याच्या वर कोणी झोपत असेल, तर या प्रश्नाचे उत्तर वायरिंगच्याही आधी शोधावे लागेल. द्रवात बुडवून थंड करण्याच्या पद्धतीत आवाज जवळपास नाहीसा होतो, पण टाकी, पंप, रेडिएटर आणि विद्युतरोधक द्रव यांचा खर्च चार यंत्रांवर वसूल होणे कठीण आहे.

पाचवाकोपरा

थोडे अवांतर होईल, पण विचारतो. माझ्याकडे सहा ग्राफिक्स कार्डांचा जुना रिग (मायनिंगसाठी जोडलेला संगणक) आहे. त्यालाही हेच नियम लागू होतात का?

तारजोड

भार कमी असतो, पण आग लागण्याच्या जागा अधिक असतात. रायझरला (कार्ड मदरबोर्डशी जोडणाऱ्या पट्टीला) साटा कनेक्टरवरून, म्हणजे हार्ड डिस्कच्या वीजजोडणीवरून, वीज देऊ नका. त्या कनेक्टरची १२ व्होल्टवरची मर्यादा ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॉट आहे, तर कार्ड आपल्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत मागू शकते. वितळलेले कनेक्टर बहुतेकदा याच जोडणीत सापडतात. सहा पिनांची पीसीआय-ई केबल थेट रायझरला द्यावी. दोन वीजसंच वापरत असाल, तर प्रत्येक कार्ड आणि त्याचा रायझर एकाच संचावर असावा.

बेरीजवजाबाकी

आणि त्या रिगवर काय चालवणार, हा प्रश्न उरतोच. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने प्रूफ-ऑफ-वर्क (मायनिंगवर चालणारी पद्धत) सोडले, तेव्हा ग्राफिक्स कार्डांचे मुख्य उत्पन्न गेले. कार्डे विकून टाकावीत असे माझे मत आहे.

सरळरेघ

सर्वांचे आभार. थ्री फेज जोडणीची चौकशी सुरू केली आहे आणि एस९ चा विषय मिटला. दोन शंका उरतात. पहिली सौर ऊर्जेची : छतावर पॅनेल बसवून वीजदराचा प्रश्नच संपवता येईल का? दुसरी अशी की यंत्रे कमी वेगाने चालवली तर वीज वाचते असे वाचले. पण पैसे मोजून घेतलेले यंत्र मुद्दाम हळू चालवण्यात काय अर्थ आहे?

उन्हाचागणक

सौर ऊर्जेच्या बाबतीत आकडे निष्ठुर आहेत. एक यंत्र दिवसाला ७८ युनिट खाते. दिवसाला पूर्ण क्षमतेचे पाच तास ऊन आणि सर्व प्रकारची घट वीस-बावीस टक्के धरली, तर एका यंत्रासाठी सुमारे २० किलोवॉटचे पॅनेल लागतात, चारांसाठी ८०. रात्रीसाठी बॅटऱ्या वेगळ्या, आणि त्यांचा खर्च धरला की मायनिंगचे गणित कोलमडते.

पॅनेल आधीच बसवलेले असतील आणि दुपारची जास्तीची वीज ग्रिडला फार कमी दराने द्यावी लागत असेल, तर तेवढ्या तासांपुरते एखादे जुने यंत्र चालवणे परवडू शकते. त्यातही तुलना करायची ती ग्रिडकडून मिळणाऱ्या दराशी. स्वतःची वीज फुकट आहे असे धरून केलेला हिशेब चुकतो, कारण ती विकताही आली असती.

जुनाजाणता

वेग कमी करण्याच्या बाजूने मी आहे. चिपचा वीजवापर फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. फ्रिक्वेन्सी २० टक्क्यांनी आणि व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवले, तर वीज ०.८ गुणिले ०.८१, म्हणजे मूळच्या ६५ टक्क्यांवर येते आणि वेग मात्र ८० टक्के राहतो. ३,२५० वॉटचे यंत्र सुमारे २,१०० वॉटवर ८८ टेराहॅश देते. (पंखे, कंट्रोल बोर्ड आणि वीजसंचातील घट त्याच प्रमाणात कमी होत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी पदरात पडते.) करंट ९ अँपिअरांवर येतो, आवाज उतरतो, आणि हॅशबोर्ड (चिपा बसवलेले बोर्ड) जास्त काळ टिकतात असा माझा अनुभव आहे. बोर्डावरच्या चिपा साखळीने जोडलेल्या असतात आणि एक चिप मेली तरी संपूर्ण बोर्ड बंद पडू शकतो, हे वापरलेले यंत्र घेणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे. विकणाऱ्याकडून केवळ छायाचित्र घेऊ नका. तिन्ही बोर्डांवरील चिपांची पूर्ण संख्या दाखवत यंत्र काही तास सलग चाललेले पाहा.

यासाठी ब्रेन्स ओएससारखे त्रयस्थ फर्मवेअर (यंत्राच्या आतले सॉफ्टवेअर) लागते. ते मूळ प्रकाशकाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावे, कारण तुमचे हॅश गुपचूप दुसऱ्याच्या खात्यात वळवणारी फर्मवेअर बाजारात फिरतात. यंत्राचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि त्याचे नियंत्रण-पान बाहेरच्या इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

बेरीजवजाबाकी

जुनाजाणता यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. यंत्र हळू चालवणे प्रत्येकाला लाभाचे नसते. ते वीजदरावर अवलंबून आहे आणि तो दर नेमका काढता येतो.

वरच्याच गृहीतकांवर चार यंत्रे पूर्ण वेगाने दिवसाला ३१२ युनिट घेऊन २४,७५० सातोशी देतात. कमी वेगाने ती २०२ युनिट घेऊन १९,८०० देतात. म्हणजे सरासरी ७९ वरून ९८ वर गेली, हे खरे. पण पाहायचे ते मधल्या ११० युनिटांकडे. त्यांनी ४,९५० सातोशी कमावले, म्हणजे एका युनिटमागे ४५. ज्याचा वीजदर ४५ सातोशींहून कमी आहे, त्याच्यासाठी हे शेवटचे युनिटही फायद्याचे आहेत आणि त्याने पूर्ण वेगानेच चालवावे. ज्याचा दर ४५ ते ९८ च्या मध्ये आहे, त्याने वेग उतरवावा. ९८ च्या वर असणाऱ्याने यंत्रे घेऊच नयेत. दिवसा-रात्री वेगवेगळे दर असतील, तर रात्री पूर्ण वेग आणि महाग तासांत कमी वेग असे वेळापत्रकही लावता येते.

एकट्याने ब्लॉक शोधण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, म्हणून सांगून ठेवतो : ४४० टेराहॅशला ८०० एक्साहॅशच्या जाळ्यात सरासरी एक ब्लॉक मिळायला सुमारे ३५ वर्षे लागतात. पूल निवडताना एफपीपीएस पद्धत घ्यावी. तिचे शुल्क थोडे अधिक असते, पण पूलला ब्लॉक लागला नाही तरी रोजचे पैसे ठरलेल्या हिशेबाने मिळतात. आणि विजेचे बिल काही नशिबाची वाट पाहत नाही.

सरळरेघ

माझा दर या हिशेबात ६० च्या आसपास येतो. म्हणून तीनच यंत्रे, प्रत्येक फेजवर एक, आणि तिन्ही २,१०० वॉटच्या सुमारास चालवण्याचे ठरवतो आहे. भार सुमारे सव्वासहा किलोवॉट होईल. तारजोड, भार असा समसमान वाटला गेला तर न्यूट्रलमध्ये करंट जवळजवळ शून्य असेल ना? मग ती बारीक चालेल का? आणि वीज वितरकाला हा वापर कळवणे आवश्यक आहे का?

तारजोड

न्यूट्रल बारीक करू नका. समान भार असताना मूळ वारंवारतेचे करंट एकमेकांना छेदतात, पण स्विचिंग वीजसंचांतून निघणारे मूळ वारंवारतेच्या तिपटीचे करंट (हार्मोनिक) न्यूट्रलमध्ये छेदले न जाता एकत्र येतात. तुमच्या यंत्रांत पॉवर फॅक्टर सुधारणारे मंडल असल्यामुळे हे प्रमाण मोठे नसेल, तरी एखादे यंत्र दुरुस्तीला गेले की उरलेल्या दोघांचा असंतुलित करंट पूर्णपणे त्याच तारेतून जाणार आहे.

वितरकाला कळवावेच. मंजूर भार त्यानुसार वाढवून घ्या आणि घरगुती दर लागू राहील की व्यापारी, हे लेखी विचारा, कारण तुमचा ६० चा आकडा त्या उत्तरावर अवलंबून आहे. विमा असेल तर विमा कंपनीलाही खोलीचा वापर कळवा.

आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारी कळ) तिन्ही यंत्रांना मिळून एक न घेता प्रत्येकाला वेगळी घ्या. वीजसंचाच्या फिल्टरमधून थोडी गळती अर्थिंगकडे नेहमीच होत असते आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी त्या मर्यादेच्या अर्ध्याहून थोड्या अधिक गळतीवरही पडू शकते. एकत्र बसवली तर कारण नसताना तिन्ही बंद पडतील. सुरू करताना पहिले यंत्र दोन तास एकटे चालवा, क्लॅम्प मीटरने करंट तपासा, इन्फ्रारेड थर्मामीटरने एमसीबीचे टर्मिनल, सॉकेट आणि प्लग पाहा, आणि कोणतीही एक जोडणी शेजारच्या तशाच जोडणीपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम लागली तर दुसरे यंत्र चालू करण्याआधी ती उघडून पुन्हा आवळा. महिन्याभराने वीज पूर्ण बंद करून सगळे स्क्रू एकदा परत तपासा, कारण अखंड भाराखाली तांबे दबते आणि आवळलेले टर्मिनल सैल होते.